फवारलेली फळं-भाजी घरी कशी धुता? प्रमाण, वेळ आणि कुठे फसतं ते लिहा

मीठ, व्हिनेगर, हळद, चिंचेचं पाणी, खायचा सोडा, ओझोनचं यंत्र... प्रत्येक घराची पद्धत वेगळी. कोणती पद्धत कशावर चालते, किती घ्यायचं, किती वेळ ठेवायचं आणि का फसतं एवढंच लिहा. 'आमच्याकडे पहिल्यापासून असंच करतात' हे कारण धरणार नाही.

आलेली उत्तरं खाली.

मालावरचे औषधांचे अवशेष तपासणारे, पुणे

आधी औषध बसतं कुठे ते बघा, मग पाण्याचं बोलू. स्पर्शजन्य औषधं, म्हणजे मॅन्कोझेब, गंधक, मोरचूद-चुन्याचं बोर्डो, सालीवर थर धरून बसतात. ती धुतली की बरीच जातात. आंतरप्रवाही औषधं, म्हणजे इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम, अ‍ॅसिफेट, कार्बेन्डाझिम, झाडाच्या रसातून फिरतात. वरची धूळ जाईल, गरातलं तुमच्या कुठल्याच पाण्याने जाणार नाही. 'हे द्रावण 99 टक्के औषध काढतं' असं बाटलीवर दिसलं तर कोणतं औषध आणि कुठलं, सालीवरचं की आतलं, हे विचारायचं.

औषध पाण्यात विरघळणारं असेल तरच धुतल्याने निघतं, हा समज मात्र सोडा. अमेरिकेतल्या कनेक्टिकटच्या कृषी प्रयोग केंद्राने लेट्यूस, स्ट्रॉबेरी, टोमॅटो नळाखाली धुऊन 12 औषधं तपासली, त्यांतली 9 कमी झाली. विद्राव्यतेशी त्याचा मेळ बसला नाही. थर निघतो तो धारेच्या आणि बोटांच्या घासण्याने. फळं धुवायची विकतची द्रावणंही साध्या पाण्याच्या पुढे गेली नाहीत. म्हणून परातीत पाणी भरून भाजी बुडवून ठेवणं वेगळं आणि धारेखाली अर्धा-एक मिनिट चोळणं वेगळं.

सोड्याबद्दल, ठाणे

सोडा काम करतो, पण मापात. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचा 2017 चा सफरचंदांवरचा प्रयोग 1 टक्का द्रावणाचा होता, म्हणजे लिटरला 10 ग्रॅम, चहाचे सपाट दोन चमचे. 5 लिटरच्या पातेल्याला 50 ग्रॅम लागतो. थायाबेंडाझोल हे बुरशीनाशक सालीवरून निघायला 12 मिनिटं लागली, फॉस्मेट हे कीटकनाशक निघायला 15. सोड्याचं पाणी अल्कली असतं आणि फॉस्मेटसारखी औषधं अल्कलीत तुटतात, म्हणून सोडा पाण्याच्या पुढे जातो. आणि त्याच प्रयोगात थायाबेंडाझोल सालीच्या आत 80 मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मुरलेलं सापडलं, तिथे सोडाही पोचला नाही. ते काढायचं तर सालकाढणं घ्यायचं.

चिमूटभर सोडा आणि दोन मिनिटं म्हणजे मनाचं समाधान. खायचाच सोडा घ्यायचा, धुण्याचा नाही. शेवटी साध्या पाण्याने नीट खळबळलं नाही तर साबणासारखी चव राहते. पालेभाजी 15 मिनिटं सोड्यात ठेवली तर लुळी पडते. हा उपाय सफरचंद, पेर, टोमॅटो, ढोबळी मिरची अशा घट्ट सालीच्या मालासाठी.

द्राक्ष बागायत, नाशिक

मण्यांवरचा पांढुरका थर म्हणजे औषध, असं म्हणून लोक माल नाकारतात. ती लव आहे, द्राक्षाचं स्वतःचं मेण. मण्यावर सगळीकडे सारखी पसरलेली असते आणि अंगठ्याने पुसली की खालून चकचकीत साल दिसते. औषधाचा डाग तसा नसतो. थेंब ओघळून मण्याच्या बुडाशी वाळतो, तिथे कड असलेला गोल डाग राहतो. निळसर झाक दिसली तर बोर्डो किंवा तांब्याचं दुसरं औषध.

धुताना अख्खा घड नळाखाली धरू नका, आतल्या मण्यांपर्यंत धार जातच नाही. कात्रीने 8-10 मण्यांचे झुपके करा. मणी देठापासून खुडून मग धुतले तर खुडलेल्या जागेतून पाणी आत जातं आणि मणी संध्याकाळपर्यंत मऊ पडतात.

2010 साली युरोपात आपली द्राक्षं अडकली ती क्लोरमेक्वाटमुळे. वाढ रोखणारं संजीवक ते, वेलीच्या आत गेलेलं, धुऊन जाण्याचा प्रश्नच नव्हता. निर्यातीच्या बागेचा नमुना काढणीआधी प्रयोगशाळेत जातो. मंडईतल्या घडाला तशी सक्ती नाही.

भाजीपाला उत्पादक, नारायणगाव परिसर

घरचे लोक भेंडी आणि कांदा एकाच मापाने धुतात. औषधाच्या लेबलवर काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी लिहिलेला असतो: फवारणी आणि तोडा यांत किती दिवस जाऊ द्यायचे तो आकडा. कोबीचा गड्डा एकदाच निघतो, थांबता येतं. भेंडी, काकडी, वांगी यांचा तोडा दिवसाआड नाहीतर दोन-तीन दिवसांनी असतो. भेंडी दोन दिवस ठेवली तर जून होते, मग 5-7 दिवस कोण थांबणार? त्यामुळे ताजी फवारणी अंगावर घेऊन बाजारात येण्याची शक्यता याच भाज्यांत जास्त. तुमचा वेळ त्यांच्यावर घालवा. कांदा, मटार, मका यांची टरफलं आपणच काढून टाकतो.

भेंडीला लव असते, धूळ आणि औषध त्यात अडकतं. अख्खी भेंडी धारेखाली दोन्ही तळव्यांत घोळवा, फडक्याने कोरडी करा, मगच चिरा. वांग्याची देठाकडची टोपी कापून टाका, फवाऱ्याचं पाणी तिच्याखाली साचून वाळतं. तीच गोष्ट टोमॅटोच्या देठाच्या खळग्याची. कारल्याला नखब्रश. कोबीची वरची दोन-तीन पानं सरळ काढा.

स्वयंपाकघर, कोल्हापूर

पालेभाजीची जुडी सुतळीसकट बुडवू नये. सोडायची, मुळं कापायची, मोठ्या पातेल्यात हाताने खळबळायची आणि पाला वर उचलून घ्यायचा. पातेलं चाळणीवर ओतलं की तळाची माती पुन्हा पाल्यावर. असं तीन पाण्यांतून, शेवटी धार. कोथिंबीर आणि कढीपत्ता कच्चे किंवा जेमतेम शिजवून पोटात जातात, त्यात पानांचा पसारा मोठा, म्हणून एक पाणी जास्तच.

फ्लॉवरचे तुरे करून कोमट मिठाच्या पाण्यात 10-15 मिनिटं: लिटरला 20 ग्रॅम मीठ. अळ्या वर येतात. मीठ मुख्यतः त्यासाठी, पुढे धार लागतेच. हळदीने पाणी पिवळं होतं, एवढंच.

धुतलेलं ओलं फ्रिजमध्ये गेलं की सडतं. पंच्यावर पसरून कोरडं करा नाहीतर चिरायच्या आधीच धुवा. स्ट्रॉबेरी तर खायच्या वेळीच, हिरवी टोपी न काढता, चाळणीत हलक्या धारेखाली. टोपी काढून भिजवली की आतून पाणी पिते.

पुन्हा अवशेष तपासणी

वर राहिलेलं. भांड्याचा साबण नको, फळाच्या सालीला छिद्रं असतात, त्यांत तो मुरतो. पाणी फार गार नको: उन्हातला टोमॅटो किंवा आंबा बर्फगार पाण्यात टाकला तर आतली हवा आकसते आणि देठाच्या जागेतून बाहेरचं पाणी, त्यातल्या जंतूंसकट, आत ओढलं जातं. आंबे खाण्याआधी पाण्यात घालायची आपली रीत चिकासाठी चांगली, पण कार्बाइडने पिकवलेला आंबा तिने बदलत नाही. कार्बाइडला देशात बंदी आहे. देठाशी राखाडी भुकटी दिसली तर परत करा.

शिजवल्याने सगळं जळतं हेही खरं नाही. मॅन्कोझेब तापलं की त्यातून ईटीयू नावाचं वेगळं, जास्त त्रासदायक द्रव्य तयार होतं. टोमॅटोची प्युरी किंवा सॉस करणाऱ्यांनी आधी घासून धुवायचं ते यासाठी. ओझोनच्या यंत्राचंही असंच. क्लोरपायरिफॉससारख्या कीटकनाशकाचं त्यात ऑक्सिडीकरण होऊन ऑक्सॉन नावाचं द्रव्य होऊ शकतं, ते मूळ औषधापेक्षा विषारी असतं. यंत्र वापरलंच तर खिडकी उघडी ठेवा आणि नंतर धारेखाली धुवा. पोटॅशियम परमँगनेटही ऑक्सिडीकरणच करतं, शिवाय घरात त्याचं माप कुणी काटेकोर घेत नाही.

एक प्रश्न: लिंबा-संत्र्याची साल किसून वापरायची असेल तर?

परदेशी संत्र्यांवर मेणात मिसळून इमाझालिल किंवा थायाबेंडाझोल हे बुरशीनाशक लावलेलं असतं, ते सालीतच बसतं. किसायला, मुरंब्याला ती साल घेऊ नका. गावरान लिंबू कोमट पाण्यात ब्रशने घासून चालेल.

बेदाणा, तासगाव

सुक्या फळांचा विषय निघालाच नाही. साधारण 4 किलो द्राक्षांचा 1 किलो बेदाणा होतो, म्हणजे पाणी उडतं तसा अवशेष दाटतो. वाळवण्याआधी घड, लवकर सुकावेत म्हणून, पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात, पिवळ्या मालाला गंधकाची धुरीही असते. बेदाणा कोमट पाण्यात 10 मिनिटं ठेवून चोळा, ते पाणी फेका, दुसऱ्या पाण्यातून काढा. रात्री भिजवायचा असेल तर त्यानंतर. सकाळी भिजवलेलं पाणी प्यायची सवय असेल तर पहिलं पाणी फेकलेलं बरं.