नळदुर्ग किल्ल्यातला नर-मादी धबधबा नेमका कधी चालू असतो?

औशाची सूनबाई
गेल्या एप्रिलात आम्ही नळदुर्गला फसलो. पोरांना मोबाईलवर धबधब्याचा व्हिडिओ दाखवून नेलं आणि तिथं पाण्याचा टिपूस नाही. धाकटा म्हणला, "मम्मी, नळ बंद हाय का?" यंदा तुळजापूरचं दर्शन करून त्याच दिवशी परत जायचं म्हणतोय. पाणी कधी असतं? सासूबाई सोबत आहेत, गुडघे पार गेलेत. त्यांना पाणीमहालात उतरता येईल का?

बोरीकाठचा
ताई, मी नळदुर्गचाच, आता पोटासाठी पुण्यात. नुसत्या पावसाच्या भरवशावर निघू नका. वरचं बोरी धरण भरून सांडलं की नर-मादीला खरा जोर येतो. आपल्याकडं पाऊस कसा, जूनमध्ये हुलकावणी आन् सप्टेंबरात झोडपणं. म्हणून ऑगस्टच्या शेवटापासून नवरात्राच्या आधीपर्यंतचे दिवस बघा. दुष्काळी साल असलं तर तेही नाही. गावात ओळखीचं कुणी असेल तर आदल्या दिवशी फोन लावा आणि "पाऊस हाय का" विचारू नका, "धरण सांडतंय का" विचारा.

पाणीमहाल किल्ल्यातल्या बंधाऱ्याच्या पोटात आहे, ज्याच्यावरून नर-मादी कोसळते. उतरायला अरुंद, अंधाऱ्या पायऱ्या, पावसाळ्यात निसरड्या. आजींना अजिबात नेऊ नका. पण तुम्ही जा. खिडकीपाशी उभं राहिलं की पाणी डोक्यावरून येऊन समोर कोसळतं आणि आपण आत कोरडे. शेजारच्याला ओरडून सांगावं लागतं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा वडिलांनी माझ्या चड्डीचा पट्टा मागून धरून ठेवला होता, अजून आठवतंय.

दर्शनाला मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा. नाहीतर रांगेतच संध्याकाळ होईल.

निवृत्त भूगोलवाले
एप्रिलात फसलो असं म्हणू नका हो. पाणी असलं की माणूस फेस बघतो, बंधारा कुणी बघत नाही. 1613 साली दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात मीर इमादीननं तो बांधला. महालात फारसी शिलालेख आहे. बोरी नदी अडवून मुख्य किल्ला आणि पलीकडचा रणमंडळ हा जोडकिल्ला एकमेकांना जोडले. म्हणजे एकाच भिंतीत धरण, पूल आणि शाही बैठक. 400 वर्षं नदीचे पूर अंगावर घेतेय ती भिंत! त्यातली मेख कळायची तर चिरे उघडे दिसायला हवेत. मी शाळेच्या सहली मुद्दाम मार्चात न्यायचो.

बोरीकाठचा
गुरुजी, मार्चात न्यायचात म्हणूनच पोरं भूगोलाला वैतागली! दुपारी तो काळा दगड तव्यासारखा तापतो.

निवृत्त भूगोलवाले
सकाळी आठला आत असायचो आम्ही. आणि सूनबाई, उपळी बुरूज चुकवू नका. वर लांबलचक तोफा पडल्यात, पोरांना त्या धबधब्याहून जास्त आवडतील. पायऱ्या मात्र दमवतात. पौषात आलात तर नळदुर्गला खंडोबाची यात्रा असते. देव साधारण दहा महिने जवळच्या अणदूर गावात आणि दोन महिने इथं. ने-आण ठरलेल्या कराराप्रमाणे होते, तेही बघण्यासारखं आहे.

औशाची सूनबाई
सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. खंडोबाचं ऐकून त्या आता पौषात पण जाऊ म्हणतायत, म्हणजे माझी दोन खेपांची सोय झाली. नवरात्राच्या आधीचा एखादा बुधवार धरलाय. त्या म्हणतात, "मी वरच सावलीला बसते, तुम्ही या उतरून. भाकरीचं गाठोडं तेवढं माझ्यापाशी ठेवा." तिथं माकडांचा त्रास आहे का हो?