मदत हवी आहे: जुन्या मुलींनाही पुन्हा निवड चाचणी द्यायला लावावी का?

मंडळी, 14 वर्षांखालील मुलींच्या व्हॉलीबॉल संघाची निवड तोंडावर आली आहे आणि माझं काही ठरत नाहीये. जागा 12. गेल्या हंगामातल्या 9 जणी परत येताहेत, शिवाय नव्या मुलींचीही बरीच नावं आली आहेत.

जुन्यांना थेट घेतलं तर चाचणी म्हणजे नुसता देखावा, आणि पालकांच्या ते लगेच लक्षात येतं. सगळ्यांना एकाच रांगेत उभं केलं तर वेगळीच पंचाईत. आमची लिबेरो, म्हणजे फक्त मागे बचावासाठी खेळणारी मुलगी, चाचणीत कधी चमकत नाही. नियमानुसार ती ब्लॉक करू शकत नाही (नेटवर उडी मारून बॉल अडवू शकत नाही), नेटवर स्मॅशही मारत नाही. पण समोरून आलेली जोरकस सर्व्हिस ती अशी उचलते की बॉल अलगद सेटरच्या, म्हणजे स्मॅशसाठी बॉल उंचावून देणाऱ्या मुलीच्या, हातात. हे तासाभरात कुठल्या रकान्यात बसवायचं? उलट उंच, दणकट मुलगी पटकन नजरेत भरते, आणि या वयात ती कित्येकदा फक्त इतरांपेक्षा काही महिन्यांनी मोठी असते.

बाहेरचे दोन परीक्षक बोलवायचे, मुलींना नावाऐवजी नंबर द्यायचे, एवढं पक्कं आहे. जुन्यांची गेल्या हंगामातली हजेरी आणि मेहनत गुणांत धरावी का? धरली तर किती? नव्यांवर अन्याय नको.

आणि खरी धास्ती वेगळीच: एखाद्या जुन्या मुलीला वगळावं लागलं तर तिला कसं सांगता? यादी फलकावर लावणं मला पटत नाही. आधी तिच्याशी बोलावं की पालकांशी? ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.