‘सेल फेट’ला मराठीत काय म्हणायचं: नियती, प्राक्तन की भवितव्य?

खानापूरहून प्रश्न : बी.एस्सी.च्या पोरांना प्राणिशास्त्र शिकवतो. पुस्तक इंग्रजीत, वर्गात कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या घरी कन्नड. सी-स्क्वर्ट (समुद्रात खडकाला चिकटून राहणारा पिशवीसारखा प्राणी) म्हटलं की हर्डमानियाची आकृती सगळे न बघता काढतात, पण त्याच्या भ्रूणातली ‘सेल फेट’, म्हणजे कोणत्या पेशीचं पुढं काय होणार ते, आली की घोडं अडतं. मी ‘पेशीची नियती’ म्हणतो. बरोबर आहे का?

निपाणी : नियती म्हटलं की सुटका नाही. प्राक्तन तर मागच्या जन्मीचं. पेशीला कुठला आलाय मागचा जन्म! मला ‘भवितव्य’ बरं वाटतं. आपल्याकडे कन्नडमधलं ‘हणेबरह’ सगळ्यांना कळतं, म्हणजे कपाळावर लिहिलेलं. ‘सटवीचा लेख’ म्हणा, दोन्हीकडची पोरं एका झटक्यात समजतील.

बेळगाव : सटवीचा लेख अर्धाच लागू पडतो. लागू पडतो तो शेपटीच्या स्नायूंना. 1905 साली कॉन्क्लिननं स्टायेला नावाच्या सी-स्क्वर्टच्या अंड्यात हे चक्क डोळ्यांनी पाहिलं, कारण त्यातलं एक पेशीद्रव्य मुळातच पिवळं असतं. फलनाआधी ते कडेनं पसरलेलं. शुक्रपेशी आत शिरली की खाली ओघळतं आणि मग भ्रूणाच्या मागच्या अंगाला पिवळी चंद्रकोर होऊन बसतं. पुढं पेशी विभागत जातात तसा हा पिवळा ऐवज ठराविक पेशींच्याच वाट्याला येतो आणि त्यांचे शेपटीचे स्नायू होतात. 1973 मध्ये व्हिटेकरनं औषध घालून विभाजनच थांबवलं, तरी स्नायूंचं विकर (एन्झाइम) वेळेवर उगवलं, तेही फक्त स्नायूंच्या वंशातल्या पेशींत. हा लेख असतो तरी कशात? 2001 मध्ये निशिदा आणि सावदा यांनी दाखवलं : माचो-1 या जनुकाच्या एमआरएनएत, म्हणजे जनुकाच्या संदेशाच्या प्रतीत. अंडं तयार होतानाच आई तो आत ठेवते (प्राणी उभयलिंगी, तेव्हा ‘आई’ सोयीपुरतं). तो काढून टाकला तर हे स्नायू होत नाहीत. भलत्या पेशीत घातला तर तिथं स्नायू होतात.

निपाणी : मग झालं की! सटवीच.

बेळगाव : पृष्ठरज्जूपाशी (नोटोकॉर्ड, पाठीतला आधाराचा दांडा) सटवी हरते. भ्रूण 32 पेशींचा असताना शेजारच्या अंतःस्तराच्या पेशींकडून एफजीएफ या प्रथिनाचा निरोप यावा लागतो. तो अडवला तर ज्या पेशीचा पृष्ठरज्जू व्हायचा, ती चेतारज्जूकडे (नर्व्ह कॉर्ड) वळते. लिहिलेलं काही नाही, शेजार ठरवतो. पूर्वी या भ्रूणाला सरसकट आधीच ठरलेल्या तुकड्यांची जुळणी समजत. ते आता तसं म्हणता येत नाही. म्हणून ‘नियती’ नको. ‘भवितव्य’ दोन्हीकडं चालतं, कारण कुणी ठरवलं ते तो शब्द सांगत नाही.

खानापूर : आणि ‘डिटर्मिनेशन’? मी ‘निश्चिती’ लिहून दिलंय, पण ‘स्पेसिफिकेशन’लाही तेच लिहिलंय.

बेळगाव : ते वेगळं करा, परीक्षेत हटकून विचारतात. पेशी एकटी काढून साध्या समुद्राच्या पाण्यात ठेवली आणि तिनं आपलं काम केलं, तर स्पेसिफिकेशन झालंय. भ्रूणात दुसऱ्या जागी, भलत्या शेजारात बसवली तरी ती बधली नाही, तर डिटर्मिनेशन. पहिल्याला मी ‘कल ठरणं’ म्हणतो, दुसऱ्याला ‘निश्चिती’. ‘कल’ जरा घरगुती आहे खरा, पण बदलू शकतो हे त्यात आपोआप येतं.

चिकोडी : मग ‘फेट मॅप’ म्हणजे निश्चितीचा नकाशा का?

बेळगाव : नव्हे. हात न लावता भ्रूण वाढू दिला तर कोणत्या पेशीचं काय होतं, एवढंच तो दाखवतो. ते केव्हा पक्कं झालं, हे कळायला पेशी काढून, हलवून बघावी लागते. ‘भवितव्य-नकाशा’ लिहा.

खानापूर : घेतलं. हणेबरह मात्र तोंडी सांगणार, स्नायूंपुरतं.