एक्स-रेवर जुना डाग निघाला, कॅनडाचं मेडिकल अडकलंय

इंद्रायणीकाठ

नमस्कार मंडळी. कॅनडा पीआरची (कायमचं राहण्याच्या परवानगीची) फाइल चालू आहे. मी, बायको आणि सहा वर्षांची मुलगी. मेडिकल मुंबईत केलं. त्या दोघींचं सुरळीत झालं. माझं रक्त, लघवी, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) सगळं ठीक, पण छातीच्या एक्स-रेत उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात डाग निघाला. पॅनेल डॉक्टरांच्या (कॅनडानं मेडिकलसाठी नेमलेल्या डॉक्टरांच्या) ऑफिसातून फोन आला: थुंकीचे तीन नमुने द्यावे लागतील, रिपोर्टला वेळ लागेल. किती वेळ विचारलं तर "दोन महिने धरून चला."

डाग कुठला ते मला पक्कं ठाऊक आहे. २००९ मध्ये डिप्लोमाला असताना टीबी झाला होता. वाळवा तालुक्यात गाव आहे, तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून डॉट्स (टीबीचा सरकारी औषधोपचार) घेतलं. ज्यांनी घेतलंय त्यांना तो लाल खोका आठवेल. खोक्यावर आपलं नाव, आणि दिवसाआड जाऊन ताईंसमोर गोळ्या गिळायच्या. सहा महिने एकही डोस बुडाला नाही, कारण आई सायकलमागे चालत यायची. त्यानंतर आजपर्यंत साधा खोकलाही रेंगाळलेला नाही. दर रविवारी घोरवडेश्वर चढतो.

आता डोक्याला ताप असा की तिघं तीन गोष्टी सांगतायत. एजंट म्हणतो, टीबीचा उल्लेखच करू नका, "लहानपणी न्यूमोनिया झाला होता" म्हणा. इथले छातीचे डॉक्टर म्हणतात, कशाला वाट बघता, एकेटी (टीबीची औषधं) चालू करू, फाइल लवकर सुटेल. आणि सासरे म्हणतात फ्लॅटचं गिऱ्हाईक सोडू नका. मी कंपनीत राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्ये ठेवून बसलोय. कुणी यातून गेलंय का?

लॅबवाली_ठाणे

दादा, आधी एकेटीचं. नमुने देईपर्यंत एकही गोळी घेऊ नका. मी मायक्रोबायॉलॉजी लॅबमध्ये आहे, हे रोजचं आहे. औषध पोटात गेलं की कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) जंतू असले तरी वाढत नाहीत, मग त्या रिपोर्टला अर्थ उरत नाही. साध्या सर्दी-खोकल्यासाठी कुणी लिवोफ्लॉक्सासिन दिली तरी तेच, ती टीबीच्या जंतूंवरही चालते. आणि सिद्ध न झालेल्या आजाराचे चार-चार औषधांचे डोस लिव्हरनं का सोसायचे?

आता वेळेचं. काचपट्टीवर बघायची तपासणी एक-दोन दिवसांत होते, पण तेवढ्यावर ते थांबत नाहीत. कल्चर लागतंच. टीबीचा जंतू अतिशय सावकाश वाढतो. लिक्विड कल्चर सहा आठवडे ठेवतात, सॉलिड आठ आठवडे, आणि तोवर काही उगवलं नाही तरच 'निगेटिव्ह' लिहितात. ओळख काढून हे लवकर होत नाही. लोक मला फोन करतात, "ताई जरा बघा ना." काय बघू? जीनएक्स्पर्ट या टीबीच्या झटपट तपासणीचा रिपोर्ट दोन तासांत येतो, म्हणून काही जण तोच करून नेतात. तो कल्चरच्या जागी चालत नाही.

नमुना नीट दिलात तर पुन्हा खेपा घालाव्या लागणार नाहीत. सकाळी उठल्यावर काही खायचं नाही, पेस्ट लावायची नाही, नुसत्या पाण्यानं खळखळून चूळ भरायची. मग खोल श्वास घेऊन छातीतून खोकून आलेलं द्यायचं. तोंडातली लाळ दिली की आम्ही परत पाठवतो. तुमच्यासारख्या धडधाकट माणसाला बेडका पडतच नाही, ही खरी अडचण आहे. तसं झालं तर लाजू नका, सांगा. मिठाच्या पाण्याची वाफ देऊन काढतात. नमुने ओळीनं तीन दिवसांचे लागतात आणि पॅनेल डॉक्टर सांगतील तिथेच, त्यांच्या माणसासमोर द्यायचे असतात. घरून डबीत भरून आणलेलं चालत नाही.

खवट_काका

एजंट बदला. बाकी बोलण्यासारखं काही नाही.

ब्रॅम्प्टनकर

काकांशी सहमत, पण कारणही सांगतो. खोटी माहिती दिल्याचं निघालं तर कॅनडाच्या कायद्यात पाच वर्षांची बंदी आहे. बरा झालेला टीबी हे नकाराचं कारणच नाही. म्हणजे जे लपवायची गरज नाही ते लपवून पाच वर्षं घालवायची! तुमचा एजंट फी कशाची घेतो?

मी तुमच्याच वाटेनं आलोय. माझा डाग डाव्या बाजूचा, आणि मला टीबी कधी झाला हेच माहीत नव्हतं. आपल्याकडे असे लोक पुष्कळ. तीन नमुने दिले, कल्चर निगेटिव्ह आलं, पुन्हा एक एक्स-रे झाला आणि फाइल पुढे सरकली. एक समजून घ्या: पॅनेल डॉक्टर पास-नापास ठरवत नाही. तो तपासून कळवतो, निर्णय इमिग्रेशन खात्याच्या मेडिकल ऑफिसरचा. म्हणून पॅनेल डॉक्टरांच्या रिसेप्शनला रोज फोन करून उपयोग नसतो. (मी केले.)

निगेटिव्ह आलं की बहुधा तुमच्यावर 'मेडिकल सर्व्हेलन्स'चा शेरा बसेल. नाव भीतिदायक आहे, काम किरकोळ. पोचल्यावर तीस दिवसांच्या आत तिथल्या पब्लिक हेल्थला कळवायचं. ते छाती तपासतात, प्रश्न विचारतात, गरज वाटली तर पुढचं बघतात. माझ्या नर्सबाईंनी निम्मा वेळ हिवाळ्यात कुठले बूट घ्यायचे त्यावरच घालवला. पण ते कळवणं टाळू नका, ती अट असते.

आणि समजा कल्चर पॉझिटिव्ह आलं, तरीही दार बंद होत नाही. आधी उपचार पूर्ण करायचे, मग थुंकी आणि एक्स-रे पुन्हा, मग फाइल पुढे. वर्ष जातं, पण जाता येतं.

फ्लॅट आणि राजीनामा दोन्ही थांबवा. मेडिकल केल्या तारखेपासून बारा महिनेच चालतं आणि तुमचे दोनेक महिने कल्चरमध्ये जाणार. कदाचित तिघांचं मेडिकल पुन्हा करावं लागेल, तो खर्च धरून ठेवा. सासऱ्यांना म्हणावं, गिऱ्हाईक परत मिळेल.

काटकसर

धागा पळवत नाही, पण मला शुगर आहे, गोळ्यांवर. बायकोच्या नावावर फाइल टाकतोय. मीही अडकेन का?

ब्रॅम्प्टनकर

गोळ्यांवरच्या शुगर-बीपीला सहसा कुणी अडवत नाही. माझ्या ओळखीत निम्मे मेटफॉर्मिनवाले आहेत. ते तीन गोष्टी बघतात: इतरांना धोका, सार्वजनिक सुरक्षितता आणि सरकारी दवाखान्यावर पडणारा बोजा. पहिल्यात उपचार न घेतलेला सक्रिय टीबी किंवा सिफिलिस येतो. तिसऱ्यात मर्यादा आहे. तुमच्या उपचाराचा अंदाजे खर्च तिच्यावर गेला तर प्रश्न. २०१८ मध्ये ती तिप्पट केली. २०२५ साठी ती वर्षाला २७,१६२ कॅनेडियन डॉलर होती. मेटफॉर्मिन त्याच्या जवळपासही जात नाही, डायलिसिस मात्र आरामात ओलांडतं. म्हणून क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर आधीच किडनीच्या डॉक्टरांचं पत्र तयार ठेवा. नकार देण्याआधी इमिग्रेशन खातं तुम्हाला पत्र पाठवून बाजू मांडायला सांगतं, त्यातल्या मुदतीत उत्तर द्या. नवराबायको किंवा मुलांना स्पॉन्सर करताना ही खर्चाची अट लागत नाही, तुमची फाइल त्यातली नाही.

इंद्रायणीकाठ

सगळ्यांचे आभार. एजंटला सांगितलं की २००९ चं सगळं खरं लिहायचंय. त्यानं "तुमची मर्जी" म्हणून फोन ठेवला. काका, बदलतोय. राजीनाम्याचा मेल अजून ड्राफ्टमध्येच आहे, बायकोनं पासवर्ड बदलला.

डॉट्सचे कागद मात्र नाहीत. निक्षयवर (टीबी रुग्णांच्या नोंदींच्या सरकारी पोर्टलवर) सापडतील का?

लॅबवाली_ठाणे

निक्षय २०१२ मध्ये सुरू झालं, तुमचं त्याआधीचं. गावच्या आरोग्य केंद्रात किंवा तालुक्याच्या टीबी युनिटमध्ये जुनं रजिस्टर असेल तर नोंद मिळेल, त्यावरून पत्र मागा. नसेल तर सांगलीच्या जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांकडे अर्ज करा. तेही नाही जमलं तर औषधं कधी, कुठे, किती महिने घेतली ते स्वतः लिहून द्या. मधल्या काळातली एक्स-रेची जुनी फिल्म कुठे असली तर ती शोधाच. डाग तेव्हाही तेवढाच होता हे दिसलं की तपासणाऱ्याला सोपं जातं. घरात गादीखाली बघा, आमच्याकडे सगळ्यांच्या फिल्म्स तिथेच निघतात.

इंद्रायणीकाठ

आईला फोन केला, शोधतेय. मुलुंडला मावशीकडे राहून पुढच्या सोमवारपासून नमुने देऊ का?

लॅबवाली_ठाणे

पुढच्या सोमवारी नको. मंगळवारी लक्ष्मीपूजन, बुधवारी पाडवा, कलेक्शन सेंटर बंद असेल तर साखळी तुटेल आणि पहिल्यापासून द्यावं लागेल. त्याच्या नंतरच्या सोमवार-मंगळवार-बुधवारची वेळ घ्या आणि तिन्ही दिवस चालू आहेत ना हे फोनवर विचारून ठेवा. मावशींनी उरलेल्या चकल्या पुढ्यात ठेवल्या तरी नमुना देऊन आल्यावरच खा.