मदत हवी आहे: ब्रिटिश रॉक बँड 'येस'चा सर्वोत्तम अल्बम कोणता?

मंडळी, मित्राशी वाद अडलाय. तो म्हणतो, 'येस'चं शिखर म्हणजे १९७२चा 'क्लोज टू द एज'. त्यानंतर ड्रमर बिल ब्रुफर्ड 'किंग क्रिम्सन' या दुसऱ्या बँडमध्ये गेला आणि उतरण लागली. मला १९७४चा 'रिलेअर' जास्त भावतो. कीबोर्डवादक रिक वेकमनच्या जागी पॅट्रिक मोराझ आला आणि आवाजाला एकदम धार चढली. 'फ्रॅजाइल' दोघांनाही मान्य, त्यावर भांडण नाही.

खरी अडचण 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' या त्यांच्या दुहेरी अल्बमची. रेकॉर्डच्या चार बाजू, चारच रचना! कल्पना गायक जॉन अँडरसनला परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या तळटीपेवरून सुचली, म्हणून कुतूहल आहे, पण दुसऱ्या बाजूला माझी हमखास डुलकी लागते. जाणकारांनो, तो कुठून ऐकायला घेऊ? आणि 'रिलेअर'च्या बाजूने कुणी आहे का?