‘प्रार्थना करतो हं’ : तोंडदेखलं बोलणं ख्रिस्ती माणसाला चालतं का?

नगरकर (धागाकर्ता)
सर्वांना सलाम. गेल्या रविवारी उपासना सुटल्यावर मंडळीतल्या एक ताई भेटल्या. त्यांच्या मुलाचं ऑपरेशन होऊन महिना झाला. म्हणाल्या, “तुम्ही प्रार्थना करत होता, त्याचा मोठा आधार वाटला.” मी एकदाही केली नव्हती. फाटकाशी निरोप घेताना सगळ्यांना म्हणतो तसं त्यांनाही “प्रार्थना करतो हं” म्हणालो होतो, आणि गाडी सुरू करेपर्यंत विसरलोही होतो. त्या दिवशी “देवाची कृपा” एवढंच बोलून सटकलो. तेव्हापासून मनाला चैन नाही.

बायबलातलं मत्तय ५:३७ हे येशूचं वचन लहानपणापासून पाठ आहे: होय तर होय, नाही तर नाही. त्याच्या आधीची वचनं आता नीट वाचली. लोक स्वर्गाची, पृथ्वीची, यरुशलेमेची, स्वतःच्या डोक्याची शपथ वाहत. पुढे तेविसाव्या अध्यायात तर मंदिराची शपथ बांधत नाही, मंदिरातल्या सोन्याची बांधते, असा हिशेब येतो. म्हणजे कुठला शब्द पाळायचा आणि कुठला सोडला तरी चालेल, याची उतरंडच लावलेली होती. प्रभूने ती उतरंडच मोडली. आपली “आईशप्पथ” त्याच जातीची. शपथेशिवायचं माझं बोलणं सैल आहे, हीच त्यात कबुली असते.

माझं मत सरळ आहे. अंघोळीला जायचं असताना फोनवर “निघालोच”, दाराशी कोणी आलं की पोराकरवी “बाबा घरी नाहीत”, आणि ही न केलेली प्रार्थना, सगळं बंद. कोणाचं वेगळं मत असेल तर मांडा.

वसईची सून
माझं वेगळं आहे. तुम्ही शब्द पकडताय, माणूस सोडताय. पाहुणा “पोट भरलं” म्हणतो तेव्हा तो पोटाचा हिशेब देत नसतो. तसंच “प्रार्थना करते” म्हणजे “तुझं दुःख मला कळलं”. सासूबाईंच्या कालवणात मीठ जास्त झालं तरी मी “छान झालंय” म्हणते. त्यांनी पहाटे उठून केलेलं असतं. त्याला मी खोटं मानत नाही.

दहा आज्ञांतली आमची कॅथलिकांची आठवी (तुम्हा प्रोटेस्टंटांकडे ती नववी) शेजाऱ्याविरुद्ध खोट्या साक्षीची आहे. आमच्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या २४८९ व्या परिच्छेदात तर म्हटलंय की ज्याला जाणण्याचा हक्क नाही त्याला सत्य सांगायला कोणी बांधील नाही.

रात्रपाळी
ताई, त्या परिच्छेदात गप्प राहण्याची, जपून बोलण्याची मोकळीक आहे. खोटं बोलण्याची नाही. हा फरक मी फार महागात शिकले.

मी परिचारिका आहे. नातेवाईक आम्हाला बाजूला घेतात: “सिस्टर, आईला कॅन्सर सांगू नका, साधी गाठ म्हणा.” प्रेमापोटीच म्हणतात. एका आजींनी मला रात्री दोन वाजता विचारलं, “मी बरी होईन ना गं?” मी म्हणाले, “होणार, का नाही होणार?” त्यांचं धाकट्या बहिणीशी कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. बऱ्या झाल्यावर तिच्याकडे जायचं ठरवून त्या थांबल्या. घरी गेल्याच नाहीत. बहीण आली ती मातीला.

आता कोणी असं विचारलं तर खुर्ची ओढून बसते आणि विचारते, “तुम्हाला काय वाटतंय?” बहुतेकांना कळलेलं असतं. डॉक्टरांच्या आधी मी निदान सांगत नाही, तो माझा अधिकार नाही. सकाळी डॉक्टर बोलतील तेव्हा मी जवळ उभी राहीन, एवढं म्हणते आणि ड्युटी संपली तरी थांबते.

शास्त्रपाठ
नगरकर, इतकं सरळ नसतं हो. बायबलात निर्गम १ मधल्या शिप्रा आणि पुवा या सुइणी इब्री मुलगे वाचवायला मिसरच्या राजाशी, फारोशी, खोटं बोलल्या, आणि देवाने त्यांचं भलं केलं. यरीहो शहरातल्या राहाबेने इस्राएलचे हेर घरात लपवले, शोधायला आलेल्या राजाच्या शिपायांना चुकीची वाट दाखवली. तिचं नाव इब्री ११ मध्ये विश्वासवीरांत आहे. उलट संत ऑगस्टीन म्हणत की जीव वाचवायलाही खोटं नको. दोन्ही मतं मंडळीत पहिल्यापासून आहेत.

जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर नाझींच्या तुरुंगात असताना याच प्रश्नावर लिहीत होते. त्यांचं उदाहरण असं: शिक्षक भर वर्गात मुलाला विचारतो, तुझे वडील दारू पिऊन घरी येतात ना? ते खरं असतं, पण मुलगा नाही म्हणतो. बोनहोफर म्हणतात, याला खोटं म्हणा हवं तर, पण घराची अब्रू वर्गात मांडण्यापेक्षा यात सत्य जास्त आहे, आणि दोष शिक्षकाचा. तो निबंध अपुराच राहिला. ९ एप्रिल १९४५ ला त्यांना फाशी दिलं.

नगरकर
त्या मुलासमोर हात जोडतो. पण त्याला कोंडीत धरलं होतं. मला कोणी धरलं होतं? प्रामाणिकपणाचा विषय निघाला की आपण राहाबेच्या घरात जाऊन बसतो. मी “निघालोच” म्हणतो तेव्हा माझ्या दाराशी शिपाई नसतात. पलीकडे बसथांब्यावर उन्हात उभा असलेला मित्र असतो, माझ्या शब्दावर विसंबून.

काळा कोट
शपथेबद्दल एक. १९६९ च्या शपथ कायद्यानुसार साक्षीदाराला ईश्वराची शपथ न घेता गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करता येते. दोन्हींचं वजन एकच.

कडेचा बाक
मला भीती दुसरीच आहे. “मी बुवा स्पष्ट बोलतो” म्हणणारे. मूल नसलेल्या माझ्या बहिणीला चहाच्या टेबलाशी एका बाईंनी विचारलं, “दोष कोणाचा आहे?” आणि वर म्हणाल्या, मला आडपडदा जमत नाही. बहीण दोन वर्षं चर्चला आली नाही. इफिसकरांस पत्रात सत्याला प्रीतीची जोड आहे, ती या लोकांना दिसत नाही. त्यापेक्षा वसईच्या ताईंचं “छान झालंय” मला शंभरदा चालेल.

रात्रपाळी
त्या बाईंना कोणी काही विचारलंच नव्हतं. तो आगाऊपणा झाला, त्याला सत्य म्हणू नका.

नगरकर
काल त्या ताईंकडे गेलो आणि सांगितलं, की मी प्रार्थना केली नव्हती. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

वसईची सून
रागवू नका, पण हे तुम्ही स्वतःसाठी केलंत. त्यांचा आधार होता तो काढून घेतलात आणि तुमचं मन हलकं झालं. फादरांपुढे कबूल करून गुपचूप प्रार्थना सुरू केली असती तर त्यांचं काय बिघडलं असतं?

नगरकर
ताई, तुमचं हे बोलणं लागलं. जाताना मी त्यांचा विचार कमी केला होता, हे खरं आहे. पुढे काय झालं तेही सांगतो. त्या उठल्या, चहा ठेवला आणि आतूनच म्हणाल्या, “गुरुवारी त्याला टाके दाखवायला न्यायचंय. दहा वाजता. तेव्हा करा.”

आज गुरुवार. पावणेदहा झालेत, मी मोबाइल बंद करतोय.