स्पीकर घ्यायचेत: परीक्षकांचं ऐकावं की वापरणाऱ्यांचं?

काळी_एक:
नमस्कार मंडळी. मी नाशिकला गंगापूर रोडला राहते, नुकतीच निवृत्त झाले. घरात वडिलांचा तानपुरा आहे, काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला लागतो. सकाळी अर्धा तास त्याच्याबरोबर बसते आणि मग जुनी ध्वनिमुद्रणं ऐकते, आजवर टीव्हीखालच्या साउंडबारवर. त्यात तबला नुसता टकटक वाजतो, डग्गा असून नसल्यासारखा. म्हणून दोन बुकशेल्फ स्पीकर आणि अँप्लिफायर घ्यायचं ठरवलंय. सगळं मिळून ६० हजार. खोली १० बाय १२ फूट.

एक स्पीकर जवळजवळ नक्की केला होता. तीन परीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलंय. मग वापरणाऱ्यांची मतं वाचली. निम्मे म्हणतात 'बेस भरपूर, दुसरं काही बघूच नका', निम्मे म्हणतात 'बेसच नाही, विकून टाकला'. कॉलेज रोडच्या दुकानात ऐकायला गेले तर म्हणाले, मागवून देतो, पण मग घ्यावाच लागेल. परीक्षकाला वस्तू कंपनीच पाठवते हे मला कळतं. पण ज्याने पदरचे पैसे घातलेत, तो तरी आपल्याच वस्तूला नावं ठेवेल का? कोणाचं धरू?

सिडकोकर:
ताई, वापरणाऱ्यांचंच धरा. जाहिरातीसाठी वस्तू किंवा पैसे मिळाले असतील तर तसं स्पष्ट सांगायचं, असे ॲस्कीचे (जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेचे) नियम २०२१ पासून आहेत, २०२३ मध्ये सरकारनेही मार्गदर्शक सूचना काढल्या. तरी निम्म्या व्हिडिओंत ती ओळ शोधावी लागते. लाइटबिल भरणाऱ्याला विचारा.

पंचवटी_श्रोता:
सगळ्या परीक्षकांना एका माळेत ओवू नका. जे. गॉर्डन होल्ट यांनी १९६२ साली 'स्टिरिओफाइल' सुरू केलं, तेच मुळी कानाने ऐकून खरं लिहायचं म्हणून. आज त्याच मासिकात स्पीकरच्या परीक्षणाबरोबर मोजमापांचे आलेखही येतात. ते कोणा हौशी माणसाच्या हॉलमध्ये मिळणार नाहीत.

अंबड_क्वालिटी:
ताई, मी अंबड एमआयडीसीत २२ वर्षं क्वालिटीला आहे. रोज माप घेणं हाच धंदा, म्हणून त्याच भाषेत सांगतो.

आमच्याकडे गेजची, म्हणजे मापयंत्राची, 'गेज आर अँड आर' नावाची तपासणी करतात. एकच पीस तीन जणांनी तीन-तीन वेळा मोजायचा. एका माणसाचं माप स्वतःशीच जुळतं का आणि माणसामाणसांत किती फरक पडतो, दोन्ही कळतं. एखादा मायक्रोमीटर कायम वीस मायक्रॉन जास्त दाखवत असेल तर तेवढे वजा करून काम भागतं. कधी वर, कधी खाली दाखवणारा मात्र बाजूला काढावा लागतो.

परीक्षक म्हणजे त्या पहिल्या मायक्रोमीटरसारखा गेज. त्याने एकाच खोलीत शंभर स्पीकर ऐकलेले असतात. त्याचा कल कुठे, हे तुम्ही शोधू शकता. तुमच्या साउंडबारबद्दल किंवा हेडफोनबद्दल त्याने काय लिहिलंय ते आधी वाचा. तुमच्या कानाशी जुळलं तर पुढचं वाचा. नाही जुळलं, पण दर वेळी एकाच बाजूला चुकत असेल, तरी तो कामाचा आहे.

वापरणाऱ्याकडे एकच पीस आणि एकच खोली. आवाजाच्या बाबतीत त्याचं एक रीडिंग धरा. पण दोन पावसाळे काढल्यावर काय झालं ते फक्त तोच सांगेल. वूफरची, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या शंकूची, कड फोमची असेल तर दमट हवेत काही वर्षांत भुगा होतो, रबराची जास्त टिकते. सर्व्हिस कुठे मिळते, हेही त्यालाच विचारा. मी स्वतः एक अँप्लिफायर निव्वळ परीक्षणं वाचून घेतला. चौदाव्या महिन्यात एक बाजू बंद पडली. नाशिकात दुरुस्ती नाही, मुंबईला पाठवला, परत यायला अकरा आठवडे लागले. घरात तेवढे दिवस गाणं नव्हतं. हे मला एकाही परीक्षणात सापडलं नसतं.

आणि डोळे फसवतात, परीक्षकाचेही आणि मालकाचेही. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ मध्ये दाखवून दिलं की तेच स्पीकर पडद्याआड ऐकवले की लोकांची पसंती बदलते. तो अँप्लिफायर परत आल्यावर मी घरी करून बघितलं. १०० हर्ट्झचा (सेकंदाला शंभर कंपनांचा) सूर लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर धरला आणि नवा-जुना दोन्ही अँप्लिफायर एकाच व्होल्टेजवर आणले, कारण जरासा मोठा आवाजसुद्धा आपल्याला 'चांगला' वाटतो. समोर चादर बांधली, मुलगा तारा बदलत होता. दहापैकी सहा वेळा ओळखलं. नाणं उडवूनही तेवढं जमतं. त्या रात्री जेवताना फार बोललो नाही.

आता तुमचं बेसचं भांडण. १२ फुटी लांबीत ४७ हर्ट्झच्या आसपास आणि १० फुटी रुंदीत ५६ च्या आसपास खोली स्वतःच घुमते. भिंतीला टेकून बसलात की ती घुमार सगळ्यात जास्त, मधोमध बसलात की जवळजवळ नाहीशी. म्हणजे दोघेही खरं बोलत असतील. ज्याने खोलीचं माप आणि खुर्चीची जागा सांगितली नाही, त्याचं 'बेस नाही' सोडून द्या. आणि तो काय ऐकतो ते विचारा. काळी एकच्या तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची तार, ६९ हर्ट्झला येतो. मोजमापांच्या आलेखात त्या स्पीकरचा आवाज खाली ६० हर्ट्झपर्यंत टिकत असेल तर तुमचं भागलं. ४० हर्ट्झचा ठोका ज्याला हवा, त्याची तक्रार वेगळी.

इंदिरानगरला रविवारी या. माझा स्पीकर तुमचा नाही, पण खुर्ची हलवून दाखवतो.

काळी_एक:
दादा, मनापासून आभार. वहिनींनी केलेले पोहेही छान होते.

बाकीच्यांसाठी लिहिते. माझ्याच तानपुऱ्याचं फोनवर केलेलं मुद्रण नेलं होतं. मागच्या भिंतीला टेकून बसले तर खर्ज बाकीच्या तारांवर पसरून बसला होता. खुर्ची दोन फूट पुढे ओढली आणि खर्ज मधल्या जोडीच्या तारांपासून सुटा झाला, जवारीच्या झंकारासकट. एवढं स्वच्छ फक्त तानपुऱ्याला कान लावल्यावर ऐकलं होतं.

'बेस भरपूर' लिहिणारे एक जण पाथर्डी फाट्याला राहतात. त्यांना फोन केला. खोली ११ बाय १२, दोन पावसाळे झाले, कड रबराची, अजून शाबूत. गुरुवारी ऐकायला बोलावलंय. खुर्ची कुठे ठेवता म्हणून विचारलं, तर म्हणाले, "खुर्ची नाही हो, सोफा. मागच्या भिंतीला लावून."